सेल बदलला तरी घड्याळ पुढेच

लिनक्सवर घड्याळ चुकतंय म्हणून मी मदरबोर्डवरचा सेल बदलला, आणि तो बिचारा ठणठणीत होता.

व्हायचं असं की मशीन चालू केलं की वेळ कितीतरी पुढे, मग वायफाय लागलं की थोड्या वेळात आपोआप ठीक. सगळे म्हणतात सेल गेला असणार, मी पण तेच धरलं, कॅबिनेट उघडून नवा सीआर२०३२ घातला आणि दुसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं. तेव्हा कुठे सुचलं की अरे, चूक नेमकी किती आहे ते तरी बघू. सेल मेला असता तर वर्षच जुनं दिसलं असतं, ब्राउझरने प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटच्या तारखेवरून बोंब मारली असती. माझ्याकडे तारीख (रात्र सोडली तर) बरोबर, सेकंदसुद्धा बरोबर, फक्त युटीसी (म्हणजे जगाची प्रमाणवेळ) आणि आपल्या टाइमझोनमध्ये जेवढा फरक तेवढंच घड्याळ पुढे. इतकी मोजूनमापून चूक सेल करत नाही.

तर कम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, आरटीसी, ते मशीन बंद असताना सेलवर चालतं. दुसरं कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, ते बूट होताना आरटीसीवरून वेळ उचलतं आणि मग आपलं आपण मोजत बसतं. लिनक्स धरून चालतं की आरटीसीत युटीसी आहे, विंडोज तिथे सरळ लोकल वेळ लिहितं, आणि माझ्याकडे ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही! म्हणजे लिनक्स ती लोकल वेळ युटीसी समजून त्यात फरक अजून एकदा मिळवणार. वर नेटवरून वेळ जुळलेली असली की कर्नल दर ११ मिनिटांनी ती आरटीसीत लिहितो, त्यामुळे नंतर विंडोजमध्ये गेलं की तिकडे घड्याळ मागे. दोघं एकमेकांचं लिहिलेलं खोडत बसलेले आणि मी मधे सेल बदलतोय.

खात्री करायची तर विंडोजमधून लिनक्समध्ये आल्यावर, नेट लागायच्या आधी, टर्मिनलमध्ये नुसतं टाइमडेटसीटीएल चालवा, ही वेळ दाखवणारी आणि बदलणारी कमांड. आरटीसी टाइमच्या ओळीत युटीसीऐवजी मनगटावरची वेळ दिसली, की चोर सापडला.

मी विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या सेटिंग्ज साठवण्याच्या जागेत) टाइमझोनइन्फर्मेशनच्या खाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) व्हॅल्यू १ केली, म्हणजे तेही युटीसी मानायला लागलं. मग लिनक्समध्ये सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारं एनटीपी चालू केलं, वेळ जुळू दिली, आणि एचडब्ल्यूक्लॉक या कमांडने तीच वेळ लगेच आरटीसीत लिहून टाकली. उलटं पण करता येतं, म्हणजे लिनक्सलाच लोकल वेळ मानायला लावायचं, पण तसं केलं की टाइमडेटसीटीएल स्वतःच वॉर्निंग देतं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. आणि हाताने वेळ बदलायला जाल तर एनटीपी चालू असताना ते सरळ नाही म्हणतं, मला आधी वाटलं परमिशनचा घोळ आहे, त्यात अर्धा तास गेला तो वेगळाच.

काढलेला सेल आता वजनकाट्यात आहे, मस्त चालतोय.