विंगरचे टायर: काट्याच्या पावतीने बेत बदलला

माझ्या टाटा विंगरला, म्हणजे राहण्याची सोय केलेल्या व्हॅनला, ए/टी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर टाकायचा निर्णय झाल्यात जमा होता, तो रद्द करावा लागला. मागच्या वेळी सांगितलं होतं की मारुतीची जिम्नी आल्यापासून १९५/८० आर १५ मापात चांगले ए/टी मिळायला लागलेत आणि माझं मन योकोहामाच्या जिओलँडरवर बसलंय. विंगरचं मूळ माप १९५ आर १५ एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर). रिम तोच, उंचीही जवळपास तीच. तालुक्याच्या टायरवाल्यानं तर "साइज सेम हाय भाऊ, डोये झाकून टाका" असं सांगून टाकलं होतं.

घोडं अडलं ते मापाच्या पुढच्या आकड्यावर. जिम्नीच्या मापाचे टायर ९६ एस असतात (आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं). ९६ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ७१० किलो, तेही कंपनीनं सांगितलेली पूर्ण हवा भरलेली असेल तर. माझ्या जुन्या एलटीवर १०६/१०४ लिहिलंय, म्हणजे एकेरी चाकाला ९५० किलो. एवढा फरक पाहून अंदाजावर राहवेना. पाण्याची टाकी भरली, सिलिंडर, बॅटऱ्या, पलंग, भांडीकुंडी सगळं जागेवर ठेवलं आणि गाडी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. कापसाचा हंगाम अजून सुरू व्हायचाय, त्यामुळे काटा मोकळा होता. काटेवाले काका खिडकीतून म्हणाले, "काऊन भाऊ, कापूस कुठं हाय?"

पद्धत सोपी आहे, पण नीट करा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काट्याची पाटी आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, उतारावर आकडा फसवतो. मला मिळालेले आकडे: पुढे १,१६५, मागे १,५२०, पूर्ण गाडी २,६९०. आता ७१० दुणे १,४२०. म्हणजे मागच्या टायरांवर उभ्या उभ्याच शंभर किलो जास्त. त्यात मे महिन्यातलं आपल्याकडचं डांबर, खड्डे आणि चार तास सलग चालवणं. क्षमतेपेक्षा जास्त वजन पडलं की टायरची बाजू जास्त वाकते, वाकली की तापते आणि तापली की आतले थर सुटतात. तिथे लग (टायरच्या तळावरचे उंच ठोकळे) कितीही देखणे असले तरी उपयोग नाही.

मग एक विचार आला. विंगर पुढच्या चाकांनी ओढते, पकड पुढेच हवी, तर ए/टी फक्त पुढे टाकावेत का? पुढे १,१६५ म्हणजे वजनातही बसतात. पण ओल्या घाटात पुढचे टायर धरून राहिले आणि मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते. चिखलदऱ्याच्या वळणांवर मला ते नको. चारही टायर एकसारखेच हवेत.

हे लिहिता लिहिताच टाकी डोक्यात आली. ९० लिटरची टाकी मी मागच्या दाराशी, मागच्या आसाच्याही मागे बसवलीय. तिथलं वजन तरफेसारखं काम करतं: मागचा आस दाबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. मुरमाच्या चढावर पुढची चाकं जागेवर फिरायची, त्याचं मोठं कारण हेच असणार. टाकी ड्रायव्हरच्या सीटमागे आणली तर माझ्या हिशेबानं मागचं वजन सुमारे ८७ किलोनं उतरतं आणि तेवढंच पुढे चढतं. मागे उरतात १,४३३. जिम्नीचा टायर तरीही वजनात बसत नाही, पण फुकटात पकड मिळतेय. टायरच्या आधी आता टाकीच हलवणार.

टायरसाठी नजर वळलीय ती पिकअपवाल्यांच्या २१५/७५ आर १५, ८ प्लाय (मजबुतीचा दर्जा), सेमी-लग (मध्यम उंच ठोकळ्यांच्या) टायरकडे. उंची ७०३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, रुंदी मात्र २० मिलिमीटर जास्त. बाजू जाड, आणि पांदणीत तेच महत्त्वाचं. पऱ्हाटी कापल्यावर उरलेले तिरपे खुंट टायरच्या बाजूलाच घुसतात, बाभळीचा काटा निदान तळातून येतो आणि पंक्चर निघतं. आवाज थोडा होईल, चालेल. ओल्या काळ्या मातीकडून मात्र ए/टी काय आणि सेमी-लग काय, फार अपेक्षा ठेवू नका. माती चरांत भरली की टायर गुळगुळीतच होतो. तिथे उतरून आधी पायी चालून पाहणं हाच उपाय.

दुकानदारानं एक टायर माझ्या रिमवर चढवून दिला, ही मोठी मदत झाली. स्टेअरिंग सरळ असताना सगळं मस्त. पूर्ण डावीकडे वळवल्यावर आतल्या प्लास्टिकच्या पत्र्याशी जेमतेम बोटभर जागा उरते. रिकामी, उभी गाडी होती. भरलेली गाडी खड्ड्यात दबल्यावर काय होईल ते पाहायचंय. त्याच टायरवर चार अंकी तारीख २३१९ होती, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना माल घेणार नाही हे तिथेच सांगितलं.

टाकीची नवी चौकट वेल्डिंगला दिलीय. बसली की हंगामाची रांग लागण्याआधी पुन्हा काट्यावर जाईन. तोवर कुणी विंगरला २१५/७५ लावले असतील तर एवढं सांगा: स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर, भरलेल्या गाडीत, टायर नेमका कुठे घासतो? प्लास्टिकला की शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला?