मेलेला माणूस उठला, हे तुम्हाला खरंच पटतं?

ईस्टर, म्हणजे येशू मरणातून उठल्याचा सण, जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. सोसायटीतल्या वहिनी विचारतात, लोकलमधल्या मैत्रिणी विचारतात: "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तरी मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे पटतं तुम्हाला?" विचारणाऱ्यांच्या मनात खोट नसते, म्हणून मीही मनापासून सांगते. हो, पटतं. आणि आईवडिलांनी सांगितलं एवढंच त्याचं कारण नाही.

आमच्या ख्रिस्ती धर्मात ही गोष्ट बाजूला ठेवून चालतच नाही. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, इ.स. 55 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात पौल हा सुरुवातीच्या काळातला धर्मप्रचारक स्वच्छ म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. त्याच पत्रात येशू कोणाकोणाला दिसला तेही तो सांगतो. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून जास्त माणसं, येशूचा भाऊ याकोब, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः पौल. त्या पाचशेंतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही लिहितो. येशूला यरुशलेममध्ये क्रूसावर दिलं ते इ.स. 30 च्या आसपास. म्हणजे मध्ये गेली जेमतेम पंचवीसेक वर्षं. ठाण्यात 26 जुलै 2005 च्या पावसाबद्दल आज कोणी भलतंच छापलं, तर त्या रात्री पाण्यातून घर गाठलेली माणसं त्याला सोडतील का? करिंथ यरुशलेमपासून लांब होतं, हे खरं. पण पौल स्वतः यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिला होता, याकोबालाही भेटला होता.

येशूच्या रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा आणली बायकांनी. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाच्या येशूच्या चरित्रांत, त्या बायकांमध्ये मरिया मग्दालीया ही त्याची शिष्या आहे. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. लूक तर लिहितो की शिष्यांनाही ती बडबड वाटली. कोणी गोष्ट रचायला बसला असता तर साक्षीला एखादा वजनदार पुरुष उभा केला असता.

"भास झाला असेल," असं बरेच जण म्हणतात. गेलेलं माणूस दिसल्यासारखं वाटतं, हे मलाही ठाऊक आहे. पण पौल कुठे शोकात होता? तो तर आधी येशूच्या अनुयायांना पकडून तुरुंगात टाकत होता.

शिष्यांनी या साक्षीसाठी जीव दिला असं म्हटलं, की धर्मासाठी जीव देणारे सगळीकडे सापडतात असं उत्तर येतं; हा आक्षेप मात्र रास्त आहे. आपल्या ठाण्यातच 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून मी त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता. पेत्र आणि याकोब मात्र "आम्ही पाहिलं" म्हणत होते, आणि ते खरं की खोटं हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

मला सगळ्यांत जास्त विचारात पाडतो तो याकोब, येशूचा भाऊ. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसंच त्या घरात होतं. येशू गावोगाव शिकवत फिरत होता तेव्हा त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे योहान लपवत नाही. घरच्यांना तर त्याला वेड लागलंय असं वाटलं होतं, असं मार्क सांगतो. पुढे हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला, आणि इ.स. 62 मध्ये त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आलं. ही नोंद आमच्या कोणाची नाही, योसेफस या यहुदी इतिहासकाराची आहे. आपल्याच भावाला प्रभू म्हणायचं, तेही त्याला गुन्हेगार ठरवून टांगल्यानंतर! क्रूस तर नामुष्कीचं मरण. भाऊ तसा मेल्यावर घरच्यांची शंका आणखी पक्की व्हायला हवी होती. तसं झालं नाही. का झालं नाही, याचं उत्तर पौलाच्या त्या यादीतल्या तीन शब्दांत मला सापडतं: तो याकोबाला दिसला. दुसरं एखादं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर जरूर सांगा, मला ते खरंच ऐकायचं आहे.