टायमेक्स क्यू आणि ती नाण्याची खाच

घड्याळाच्या पाठीमागे एक छोटंसं गोल झाकण, त्याला खाच, त्यात नाणं घालून फिरवलं की सेल बाहेर. बास, एवढ्यावरच मी टायमेक्स क्यूवर फिदा झालो. मूळ घड्याळ १९७९ चं, २०१९ मध्ये कंपनीने परत काढलं, ३८ एमएमचं, लाल-निळी बेझल (डायलभोवतीची रिंग) आणि वर फुगीर अॅक्रिलिकची काच. आता कुणी म्हणेल सेलवर चालणारं क्वार्ट्झच तर आहे, आतला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि काटा टुक करून एक घर पुढे, त्यात काय एवढं. पण तेव्हा क्वार्ट्झ म्हणजे भविष्य होतं राव! सेइकोने डिसेंबर १९६९ मध्ये अॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ काढलं तेव्हा ते एका छोट्या कारच्या किमतीला होतं, आणि दहाच वर्षांत हे असलं घड्याळ साध्या माणसाच्या मनगटावर.

अॅक्रिलिकवर ओरखडे लगेच उठतात, मीही दाराच्या कडीवर हात आपटून एक उठवलाच. टूथपेस्ट लावून जुन्या बनियनच्या तुकड्याने दहा मिनिटं घासलं, गेला. बायको म्हणाली, घड्याळ एवढं घासतोस, कधीतरी कढई पण घास.