नागपूर ते मुंबई : बौद्धिक दिव्यांगांची रेल्वे सवलत आणि सोबतचा माणूस

नागपूरहून मुंबईला निघताना आम्ही विदर्भ एक्सप्रेसपेक्षा सेवाग्राम एक्सप्रेसला पसंती देतो. विदर्भ गोंदियाहून भरून येते आणि मोजकी मिनिटं थांबते. सेवाग्राम इथूनच सुटते, त्यामुळे बौद्धिक अक्षमता असलेल्या लेकराला घाई न करता डब्यात बसवता येतं. चढताना ढकलाढकल झाली आणि ते बिथरलं, की वर्धा आलं तरी शांत होत नाही.

तिकिटाआधी कागद. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं आणि रेल्वेचं सवलत प्रमाणपत्र वेगळं. दुसरं रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातच लागतं, सरकारी डॉक्टरांच्या सहीनं. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत जाताना नमुना छापूनच न्या. 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' हे वाक्य त्यात असायलाच हवं, सगळी सवलत त्यावरच उभी आहे. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वाचता येईल असा. खाडाखोड झाली तर तिथेच नवा कागद भरून घ्या, नाहीतर खिडकीवरून परत यावं लागतं. कायमच्या अक्षमतेत २५ वर्षं वयापर्यंत हा कागद ५ वर्षं चालतो, २६ ते ३५ वयात १० वर्षं आणि त्यापुढे आयुष्यभर.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानतो, रेल्वे मात्र सवलत चारच गटांना देते. त्यात बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजार नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णालाही एकट्यानं पाठवता येत नाही, हे घरच्यांना विचारा. हा भेद आम्हाला अन्यायाचा वाटतो.

स्लीपर, थर्ड एसी आणि चेअर कारला ७५ टक्के सूट, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५०, राजधानी-शताब्दीच्या थर्ड एसी व चेअर कारला २५. सोबतच्या माणसालाही तेवढीच. पण सूट फक्त मूळ भाड्यावर मिळते. समजा स्लीपरचं मूळ भाडं ४०० रुपये आहे. त्याचे १०० होतात, मात्र आरक्षणाचे २० आणि सुपरफास्टचे ३० पूर्ण लागतात, म्हणजे माणशी १५०. खिडकीवर वाद होतो तो बहुतेक या ५० रुपयांवरून. तत्काळला सवलत नाही, त्यामुळे ऐनवेळी ठरलेला प्रवास पूर्ण भाड्यातच करावा लागतो.

घरबसल्या तिकीट काढायचं तर रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवा. अर्ज ऑनलाइन होतो. सवलत प्रमाणपत्र, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, फोटो, ओळख, जन्मतारीख आणि पत्त्याचा पुरावा लागतो. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. आधारवर वडिलांचं नाव आणि प्रमाणपत्रावर नाही, एवढ्यावरूनही अर्ज अडतो. प्रवासात मूळ कार्ड जवळ ठेवा, टीसीला झेरॉक्स चालत नाही.

दिव्यांग कोट्यात स्लीपरच्या मोजक्याच जागा असतात, दोन खालच्या आणि दोन मधल्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी हात मारा. खालची जागा लेकराला, मधली सोबतच्याला. अडचण रात्री येते. मधल्या बर्थवर झोपलेल्याला खालचं माणूस उठून गेलेलं कळत नाही, आणि बडनेरा, भुसावळला डब्याचं दार उघडं असतं. म्हणून दोघं सोबत असतील तर पाळीनं जागतात. एकटं माणूस असेल तर समोरच्या प्रवाशाला सुरुवातीलाच नीट सांगून ठेवतं. लोक समजून घेतात. खिशात नाव, घरचा नंबर, पीएनआर आणि डबा-बर्थ लिहिलेली चिठ्ठी घाला. काही झालं तर १३९ हा रेल्वेचा मदत नंबर लावायचा.

गाडी पकडायला नागपूर स्टेशनवर येताना दार बघून रिक्षातून उतरा. मुख्य दार फलाट १ कडे आहे, संत्रा मार्केटचं फलाट ८ कडे. चुकीच्या दारानं गेलात तर सामान आणि लेकरू घेऊन पूल चढावा लागतो.

परतीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. त्याचंही आरक्षण उघडलेलं असेल तर मुंबईत जाऊन खिडकी शोधत बसू नका, नागपूरलाच काढून ठेवा.