रिव्हेटभोवतीचं काळं

आमच्या गंगाखेडला माय पितळी घागर चिंचेनं लखलखीत करायची, पण जर्मनच्या पातेल्याला राखुंडी लावू द्यायची नाही. "काळं पडतं," एवढंच कारण. राख अल्कधर्मी आणि अल्कली ॲल्युमिनियमला खाते, हे मला हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा-पत्रा सांभाळणारा कारागीर, झाल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात संभाजीनगरला एका संस्थेतलं, उड्डाणातून बाद झालेलं छोटं विमान चमकवायला गेलो होतो. रंग नाही, उघडा पत्रा. हाताखाली दहा-बारा लेकरं. एकानं पहिल्याच दिवशी भांड्यांची तारेची घासणी आणली. ठेवून ये म्हणलं! लोखंडाचे कण पत्र्यात रुतले की ओल लागायचा अवकाश, तिथूनच गंज धरतो. चिंचही नको, आंबट पाणी दोन पत्र्यांच्या जोडात शिरलं तर बाहेर काढणार कोण?

हा पत्रा म्हणजे अल्क्लॅड. आत '2024' क्रमांकाचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर. पातळ पत्र्यात एका अंगाचा थर जाडीच्या 5 टक्के, म्हणजे 1 मिलिमीटरला 0.05. चमक त्याचीच, गंज अडवतो तोच, आणि घासून आपण कमी करतो तोही तोच. म्हणून बफ मशीन (फिरत्या गादीनं चमकवायचं यंत्र) एका जागी रेंगाळू द्यायचं नाही.

सुरू करण्याआधी स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे उंची-वेग दाखवणाऱ्या यंत्रांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या भोकांवर, लाल टेप लावली, किती लावल्या ते फळ्यावर लिहिलं. लेकरं हसली. 1996 मध्ये पेरूत धुऊन-पॉलिश केलेल्या बोइंग 757 वर अशीच टेप राहून गेली होती, 70 माणसं गेली, हे सांगितल्यावर हसणं थांबलं.

खरा जीव जातो तो रिव्हेटपाशी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांपाशी. पॉलिशचा काळा चिखल गोल डोक्याच्या कडेला बसतो आणि काही केल्या निघंना. बांबूच्या काडीला फलालीन गुंडाळायचं, टर्पेंटाइनमध्ये बुडवून कडेनं फिरवायचं, मग मऊ टूथब्रश. शेवटी कॉर्नफ्लॉर शिंपडून कोरड्या फडक्यानं पुसलं की उरलेला चिकटपणा जातो. एका पंखावर सहाशेपर्यंत रिव्हेट मोजले, पुढं नाद सोडला.

पण सगळं काळं पॉलिशचं नसतं. रिव्हेट ढिला झाला की भोकात हलतो, घासून धातूची काळी भुकटी निघते आणि वाऱ्यानं शेपटीच्या दिशेला तिची रेघ ओढली जाते. आम्ही त्याला 'स्मोकिंग रिव्हेट' म्हणायचो. नोकरीच्या पहिल्या वर्षी असली एक रेघ मी मोठ्या हौसेनं पुसून टाकली होती. दोन उड्डाणांनी ती परत आली, आणि मग मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी एका पोरीनं पंखाखालून हाक मारली, "सर, ह्या एकाचं काळं मागंच ओढल्यावानी दिसतंय. पुसू का?"

फडकं खाली ठेव म्हणलं, आणि टॉर्च घेऊन तिच्या शेजारी पालथा झालो.