वार अडकलेली गाय पुन्हा गाभण राहीपर्यंत

मोहोळ तालुक्यातील आमच्या गोठ्यात दुसऱ्या वेताची संकरित होल्स्टीन गाय उन्हाळ्याच्या तोंडावर व्याली. वासरू धडधाकट होते, चीकही पोटभर प्यायले. वार, म्हणजे गर्भाला पोसणारे आवरण, मात्र पडली नाही. व्याल्यानंतर साधारणतः आठ ते बारा तासांत वार आपोआप पडते आणि त्याहून फार उशीर झाला तर ती अडकली असे समजतात. अशा वेळी लोंबणाऱ्या वारेला दगड बांधावा किंवा हात घालून ती ओढून काढावी, असा सल्ला गावात हमखास मिळतो. आमच्या पशुवैद्यकांनी दोन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई केली, कारण वार गर्भाशयातील गाठींना घट्ट चिकटलेली असते आणि ती ओढल्यास गाठींना इजा होऊन रक्तस्राव होतो, शिवाय तुटलेले तुकडे आतच सडतात. त्यांनी बाहेर लोंबणारा भाग तेवढा कापला आणि रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजण्यास सांगितले.

ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, गाय वैरणीला तोंड लावेना आणि तांबूस, दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, तेव्हा गर्भाशयदाहाचे निदान होऊन प्रतिजैविके सुरू झाली. त्या काळातील आणि औषधाचा अंश जाईपर्यंतचे दूध आम्ही संकलन केंद्रावर घातले नाही. नुकसान झाले, पण ते दूध कोणाच्या लेकरांच्या पोटात जाणे मला मान्य नव्हते. नंतर पडलेली वार हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरली.

ताप उतरला की आजार संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. खरी चिकाटी मात्र त्यानंतरच लागते. गर्भाशय पूर्ववत होण्यास निरोगी गाईलाही सुमारे सहा आठवडे लागतात. आमची गाय माजावर आली तेव्हा सोट, म्हणजे माजाच्या वेळी येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ नव्हता, त्यात पुवाचे पांढरे धागे होते. म्हणून तो माज भरवल्याविना जाऊ दिला, पुन्हा माज आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले आणि सोट निर्मळ दिसल्यावरच कृत्रिम रेतन करून घेतले. पुढे २१ दिवसांच्या सुमारास ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, आणि नंतरच्या तपासणीत गाभण असल्याचे निश्चित झाले.

वार अडकण्यामागे अवघड प्रसूती, जुळी वासरे, गर्भपात घडवणारे संसर्ग, सेलेनियम व ई जीवनसत्त्वाची कमतरता अशी अनेक कारणे असू शकतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात गळीत हंगामात जनावरे बहुतांशी उसाच्या वाढ्यावर (शेंड्याकडील हिरव्या पाल्यावर) असतात, आणि वाढ्यातील ऑक्झॅलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियम कमी पडले की गर्भाशयाच्या कळा मंदावतात. म्हणून या वेळी दूध आटवल्यापासूनच तिचे वाढे कमी करून ज्वारीचा कडबा, थोडा लसूणघास आणि पशुवैद्यकांनी ठरवून दिलेले खनिज मिश्रण सुरू केले आहे.