देव एकच, पण एक म्हणजे कसा?

संडे स्कूलच्या टीचरने त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण, समजावताना पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण दिलेलं. पदार्थ एक, रूपं तीन, झालं, चला पुढचा धडा. मोठेपणी मीही चार लोकांना तेच ऐकवलं आणि काय भारी सांगतोय असं वाटायचं, मग एकदा वाचता वाचता कळलं की ही समजूत चर्चने तिसऱ्या शतकातच पाखंड म्हणून बाहेर काढलीय! सबेल्लियस नावाचा माणूस रोममध्ये जवळपास हेच शिकवायचा, की देव एकच आणि तोच कधी पिता, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा. आता येशूचा बाप्तिस्मा बघा, पुत्र नदीत, आत्मा कबुतरासारखा खाली येतोय आणि वरून पित्याचा आवाज, म्हणजे तिघंही एकाच वेळी हजर. तोच थेंब एकाच क्षणी बर्फ आणि वाफ कसा असेल? (ट्रिपल पॉइंट, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र असतात ती स्थिती, माहितीये मला, तिथेही तोच थेंब तिन्ही नसतो.)

तरी हा विचार संपला नाही. वननेस पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाचे लोक आजही याच्या जवळपासचंच मानतात, बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावाने देतात, आणि १९१६ साली अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेत यावरूनच फूट पडली.

दुसऱ्या टोकाला अलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस. त्याचं म्हणणं, पुत्र श्रेष्ठ आहे पण निर्माण केलेला आहे, तो नव्हता अशी एक वेळ होती. ३२५ साली नायसियाच्या बिशपांच्या परिषदेने त्याला खोडून काढलं आणि पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस' म्हणजे एकाच तत्त्वाचा असं ठरवलं. पुढे काहीजण म्हणाले 'होमोइऊसिओस' म्हणू, म्हणजे सारख्या तत्त्वाचा. ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा, आणि भांडण कित्येक वर्षं चाललं. आजचा यहोवाचे साक्षीदार हा पंथही पुत्राला निर्मितीच मानतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत 'शब्द देव होता' आहे ना, तिथे त्यांच्या इंग्रजी बायबलमध्ये 'अ गॉड' छापलंय. मूळ ग्रीकमध्ये 'अ' असा शब्दच नाही, मराठीतही नाही, त्यामुळे आपल्याला नुसतं वाचून या वादाचा पत्ताही लागत नाही.

मॉर्मन पंथाच्या लोकांचं तिसरंच. पिता, पुत्र, आत्मा हे तीन खरोखर वेगळे, पित्याला आणि पुत्राला शरीरसुद्धा आहे, एकी आहे ती हेतूची. तरी त्यांनाही अनेक देव मानणारे म्हटलेलं आवडत नाही. म्हणजे 'देव एकच' यावर सगळ्यांची सही आहे, फक्त त्या 'एक'मध्ये नक्की काय मोजायचं यावर जमत नाही.

मला सगळ्यात मजा वाटते ती 'एलोहिम'ची. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्या वाक्यात देवासाठी हा हिब्रू शब्द आहे, रूप अनेकवचनी पण क्रियापद एकवचनी. आपण 'बाबा आले' म्हणतो तेव्हा बाबा एकच असतात आणि क्रियापद अनेकवचनी होतं, तिथे बरोबर उलटं. मग २६व्या वचनात देव 'आपण मनुष्य करू' म्हणतो. ख्रिस्ती लोकांना यात त्रैक्य दिसतं, ज्यू लोक म्हणतात देव स्वर्गदूतांशी बोलतोय, तर कुणी याला नुसता बोलण्याचा थाट मानतं. मला विचाराल तर फक्त व्याकरणावर एवढा मोठा इमला उभा राहत नाही.

पण व्याकरणापायी जीव गेलाय. २७ ऑक्टोबर १५५३ ला जिनिव्हात मिगेल सर्वेटस या स्पॅनिश धर्मचिंतकाला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं. असं सांगतात की ज्वाळांमधून तो ओरडला, 'येशू, शाश्वत देवाच्या पुत्रा, दया कर.' 'देवाच्या शाश्वत पुत्रा' म्हणाला नाही. विशेषण देवाला लावलं, पुत्राला लावलं नाही, शेवटच्या क्षणीसुद्धा. हे वाचलं तेव्हापासून मी प्रार्थनेत नेमकं काय म्हणत आलोय ते आठवायचा प्रयत्न करतोय आणि खरं सांगू, आठवतच नाहीये.